एकदा लिवला ता लिवला

आम्हा चौघांपैकी कोणीही दोघं भेटलो की आधी उरलेल्या दोघांची चेष्टा होते, मग चहा होतो, आणि वेळ उरलाच तर कामाचं बोलणं. त्यामुळे काम थोडं आणि किस्से फार, अशी आमची एकूण शिल्लक आहे. मालवणीत याला गजाली म्हणतात. गजालीचं एक बरं असतं, सांगितल्याने ती संपत नाही, उलट दर वेळी मूठभर वाढते!

आता ही चौकडी कसली, ते सांगते. मी कणकवलीत एस.टी. डेपोच्या मागे कॉम्प्युटर क्लास चालवते. सगळे मला टीचर म्हणतात, माझा नवरासुद्धा. काही वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी, क्लासला सुट्टी असताना, आम्ही चौघं तिथे बसून ब्लॉग लिहायचो. साधा ब्लॉग नव्हे, ब्लॉकचेनवरचा! म्हणजे तुम्ही लिहिलेलं जगभरच्या कितीतरी कॉम्प्युटरांवर साखळीसारखं जोडून ठेवलं जायचं. कोणी वाचून मत दिलं की तुमच्या खात्यात त्या साइटचं टोकन पडायचं. टोकन म्हणजे आकड्यातलं नाणं. विकलं तर रुपये, ठेवलं तर आशा. आम्ही बहुतेक वेळा आशाच ठेवली.

ते रविवार आता गेले. त्याच खुर्च्यांवर हल्ली ऑनलाइन अर्ज भरायला आलेली माणसं बसतात. तरी रविवारी सकाळी शटर वर करताना मला वाटतं, आत्ता सुधीरची मोटारसायकल वाजेल. वाजत नाही. मग मी उगाचच कोणावर तरी खेकसते.

*

सुधीर तोंडवलीचा. समुद्राला लागून त्याचं छोटं होमस्टे आहे. एकदा पुण्याचा एक पाहुणा आला आणि पाण्यात पाय न बुडवता नुसता पडवीत लॅपटॉप घेऊन बसला. सुधीरला चैन पडेना. पाहुणा आजारी तर नाही? शेवटी त्याने विचारलंच, "साहेब, काय काम करतास?"

"तुमच्या किनाऱ्याबद्दल लिहिलं," पाहुणा म्हणाला आणि त्याने स्क्रीन फिरवली. सुधीरची वाळू, सुधीरच्या माडांचा फोटो, आणि खाली टोकनांचा आकडा. तो आकडा सुधीरने घेतलेल्या खोलीभाड्यापेक्षा जास्त होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीर माझ्या क्लासच्या दारात. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"टीचर, रेती आमची. दर्यो आमचो. माडांचो वारो पण आमचोच. आणि पैशे तेका?"

"मगे काय करूया म्हणतंस?"

"लिवया!"

"काय लिवतलंस?"

सुधीरने बराच विचार केला. एवढ्या लांबून तो आला होता ते रागाच्या भरात, विषय कोणी आणला होता! शेवटी म्हणाला, "रेती!"

*

बापू आमच्यात आले ते पंख्यामुळे.

वालावलचे बापू कणकवलीत कामाला आले की परतीच्या गाडीची वाट बघत डेपोत बसायचे. एप्रिलमधला रविवार, दुपार व्हायला आलेली, डेपोतला पंखा बंद. माझ्या क्लासमधला पंखा रस्त्यावरून दिसतो. बापू आत आले, "बाय, जरा बसतंय हां," म्हणाले आणि पंख्याखाली बसले. समोर सुधीर हातवारे करून मला ब्लॉकचेन समजावून सांगत होता.

"एकदा लिवला ता लिवला! कोणाच्या बापाशीक पुसाक गावाचा नाय!"

मागून आवाज आला, "म्हणजे देवळातल्या गाऱ्हाण्यासारखा? घातला की परत घेवक गावना नाय?"

 एवढं चांगलं उदाहरण सुधीरला स्वतःला सुचलं नव्हतं. बापू खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आणि बोललेला पण रवता काय ह्येच्यात?"

"टीचरनी टाइप केला तर रवता."

"मगे माझी राणी रवतली?"

बापूंनी उभा जन्म दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी म्हणून काढला. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. गोष्ट ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या जुळवायचं. राज्य गेलेल्या एका राणीचं काम बापू करायचे, राजवाडा सोडताना तिने घेतलेला निरोप ऐकायला माणसं तीन-तीन गावं चालत यायची. मग गुडघे गेले. नऊवारी नेसून रंगमंचावरच्या बाकड्यावर बसणं जमेना आणि बसलं तर उठणं जमेना.

"मी बोलूचो थांबलंय, तशी ती पण थांबली," बापू म्हणाले. "माझ्या मागे तिचा कोण बोलतलो, सांग बघूया?"

त्यांना टोकनं नको होती. साइटवर स्वतःचं नाव दिसलं तेव्हाही त्यांनी चष्मा लावायची तसदी घेतली नाही. राणी बोलती राहिली पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांची गाडी त्या दिवशी चुकली, आणि पुढे दर रविवारी चुकत राहिली.

*

सुधीरची पहिली गाजलेली पोस्ट: 'होमस्टे चालवणाऱ्याचे पाच शत्रू'. पहिला शत्रू खारा वारा, दुसरा माकडं, तिसरा वीज मंडळाचा लपंडाव, चौथा फुकटचे सल्ले देणारे पाहुणे. आणि पाचवा, मेव्हणा! खाली मेव्हण्याचा फोटो. दोन माडांमध्ये बांधलेल्या झोपाळ्यात तोंड उघडं टाकून झोपलेला.

मतांचा पाऊस पडला. संध्याकाळी सुधीरच्या बायकोनेही ती वाचली.

दुसऱ्या दिवशी सुधीर घामाघूम होऊन आला. "टीचर, पुसून टाका! घरात चूल पेटूक नाय!"

"तूच सांगलंस मां, पुसाक गावाचा नाय?"

पुसता येत नव्हतं, पण वरचं रूप बदलता येत होतं. आम्ही मथळा केला, 'होमस्टे चालवणाऱ्याचे चार शत्रू आणि एक मित्र'. मेव्हण्याच्या उघड्या तोंडाखाली लिहिलं, 'कुटुंबाचा आधार'. सुधीर सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच एका वाचकाची टिप्पणी आली. साखळीत जुनी प्रत शाबूत आहे, ती आपण उघडून पाहिली, आणि ती जास्त प्रामाणिक वाटते!

मे महिन्यात मेव्हणा नेहमीसारखा मुंबईहून आला. जेवला, झोपाळ्यात पडला, काही बोलला नाही. सुधीर ताटाभोवती माशी फिरावी तसा त्याच्याभोवती फिरत होता. जायच्या दिवशी बॅग भरता भरता मेव्हणा म्हणाला, "भावोजी, लिवलात ता लिवलात. त्या पोस्टीक मतां बरीच पडली म्हणे?"

"पडली थोडीफार."

"पाचवो शत्रू मी ना? मगे पाचवो वाटो माझो!"

*

साइटने प्रत्येकाला एक चावी दिली होती. चावी म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक भेळ. ती हरवली की खातं गेलं. दाद मागायला ना ऑफिस, ना साहेब. मी सगळ्यांना दम दिला, चावी जपून ठेवा. सुधीरने ती तिजोरीत ठेवली. हसीनाभाभीने, म्हणजे आमच्यातल्या चौथीने, ती प्लॅस्टिकमध्ये घालून तांदळाच्या डब्यात पुरली. बापूंनी मला सांगितलं, "वाच बघूया मोठ्यान."

मी वाचली. डोळे मिटून त्यांनी ऐकली. परत एकदा वाचायला लावली. मग टेबलावर बोटांनी पखवाजाचा ठेका धरला आणि अख्खी चावी चालीत म्हणून दाखवली! कॅपिटल अक्षरं वरच्या पट्टीत, लहान अक्षरं खालच्या. आकडा आला की टेबलावर एक थाप. एक अक्षर चुकलं नाही.

"आता ह्या मेल्याशिवाय हरवाचा नाय," बापू म्हणाले.

पुढे माझ्या क्लासला वालावलची एक मुलगी आली. टायपिंग करताना तिला गुणगुणायची सवय होती. एके दिवशी मी फळ्यावर लिहिता लिहिता थबकले. ही चाल, ह्या थापा, वरच्या पट्टीतलं ते कॅपिटल डब्ल्यू!

"गो, ह्या खंय शिकलंस?"

"देवळाच्या तळ्यावर. बापूआजोबा आंघोळीक येतत तेव्हा म्हणतत. आमच्या वाडीत सगळ्यांक येता!"

रविवारी मी बापूंना फैलावर घेतलं. बापू, ही काय आरती आहे? उद्या कोणी तुमच्या खात्यात घुसलं तर?

"घुसून काय करतलो?"

"तुमच्या नावान काय पण लिवतलो!"

"लिवंदे मगे," बापू शांतपणे म्हणाले. "माझ्या मदतीक कोण तरी व्हयोच होतो."

*

हसीनाभाभीचा नवरा कणकवलीच्या बाजारात सुकी मासळी विकतो. तिचं माहेर बंदरावरचं. माहेरच्या पाककृती ती अशी सांगायची की ऐकणाऱ्याने टाइप करण्याऐवजी जेवायला बसावं.

त्या साइटवर आधी एक अडचण होती. मतांची टोकनं फक्त पहिल्या आठवड्यात मिळायची, त्यानंतर पोस्ट कितीही चांगली असो, तिला कोणी हिंग लावून विचारत नसे. मग सुधीरने दुसरी साइट शोधली. तीही साखळीवरचीच, पण तिथे वाचणारा कधीही येवो, वर्षाने येवो, त्याला आवडलं तर लिहिणाऱ्याच्या खात्यात टोकन पडणार. सुधीरने फळ्यावर बाण काढून आम्हाला तासभर समजावलं. कालचा सूर्यास्त आज शिळा होतो. आजच्या बातम्या उद्या रद्दी. असं लिहा की कोणी कधीही वाचलं तरी त्याच्या उपयोगी पडलं पाहिजे.

भाभी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे ताजी मासळी नको, सुकी लिवूची!"

फळ्यावरचे सगळे बाण मी पुसून टाकले. त्या दिवसापासून टिकणाऱ्या लिखाणाला आमच्यात 'सुकी' हाच शब्द पडला. "टीचर, ही पोस्ट ताजी की सुकी?" असं सुधीर दर वेळी विचारायचा.

भाभीची बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे तिखट कालवणाची, पोस्ट सर्वांत जास्त सुकी निघाली. वर्षं गेली तरी तिला वाचक येत होते. त्यात पोलंडचा एक जण होता. भाषांतर करून वाचायचा आणि शंका विचारायचा. तिरफळं किती ग्रॅम?

भाभीने आयुष्यात तिरफळं वजन करून घातली नव्हती. तिने तळहातावर तिरफळं घेतली, फोटो काढला आणि खाली लिहायला लावलं, 'एवढी'.

त्याचं उत्तर आलं, माझा तळहात तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, काय करू?

"मगे बांगडो पण मोठो घे म्हणावा!"

त्याने शंका विचारणं थांबवलं. आम्हाला वाटलं, रागावला. पुढच्या थंडीत एका दुपारी पाठीवर भली मोठी बॅग घेतलेला एक उंच गोरा माणूस बाजारात पत्ता विचारत विचारत भाभीच्या दारात उभा राहिला. तिच्या नवऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक दिली,

"हसीना, तुजा इंटरनेट दारात आयलाय! जेवतलो काय इचार!"

*

आता बापूंच्या राणीचं लिखाण. मी टाइप करायला बसले तेव्हा वाटलं होतं, एका रविवारचं काम.

बापूंनी डोळे मिटले, पदर नसताना पदर सावरला आणि बोलायला लागले.  पहिल्याच वाक्याला भाभीने चहाचा कप खाली ठेवला. डेपोतून गाड्यांचे हॉर्न येत होते, पण आम्हाला ते ऐकू येईनासे झाले. मी जमेल तेवढं टाइप केलं, थोडं राहून गेलं.

पुढच्या रविवारी म्हटलं, "बापू, राहिलेला सांगा."

बापूंनी डोळे मिटले आणि सांगितलं. ते भलतंच होतं! तेवढंच सुंदर, पण आधीच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"बापू, ह्या गेल्या टायमाचा न्हय!"

"गेल्या टायमाक राणी रागावलेली होती. आज दमलीहा."

असे किती रविवार गेले, मोजले नाहीत. कधी राणी तुळशीशी बोलायची, कधी दासींशी, एकदा तर राजवाड्यातल्या मांजराशी. सुधीर वैतागला. तो म्हणाला, बापू, वाचणाऱ्याला एक काय ते पक्कं पाहिजे, नाहीतर राणी टिकणार कशी? बापूंना ते पटलं नव्हतं. पण राणी टिकायला हवी होती, म्हणून त्यांनी मान डोलावली. आम्ही चौघांनी मिळून एक निरोप निवडला. त्याची सुरुवात अशी होती: 'उंबऱ्या, तुला ओलांडून आत आले तेव्हा भरलेलं माप लवंडलं होतं. आज बाहेर जाताना लवंडायला काही शिल्लक नाही.'

मी पोस्ट टाकली. बापू स्क्रीनकडे बघत राहिले. आपल्या मुलीला सासरी पाठवल्यावर बाप बघतो तसं.

"बरी दिसता," एवढंच म्हणाले.

*

मग टोकनांचा भाव पडला. पडला म्हणजे इतका, की सुधीरने ज्या आशेवर होमस्टेला एसी लावायचं ठरवलं होतं, त्या आशेत आता टेबल फॅनसुद्धा येत नव्हता. त्या रविवारी क्लासमध्ये सुतकी कळा. सुधीर दर मिनिटाला मोबाइल बघत होता, जणू रोग्याची नाडी. भाभीने समजूत काढली, सुक्या बांगड्याचा भावही असाच वर-खाली होतो म्हणून. सुधीर म्हणाला, "भाभी, बांगडो निदान खावक तरी येता!"

बापू म्हणाले, "कंपनीत असताना कधी कधी नाईट, म्हणजे रातीचे पैशे, गावायची नाय. खेळ झालो तरी हातात कायच नाय. मगे सकाळी तोंडाचो रंग धुवचो आणि पुढच्या गावाक चलाक लागायचा."

"आणि थंय तरी गावायची?"

"कधी गावायची, कधी नाय. पण खेळ व्हायचो."

सुधीरला याने धीर आला असेल असं मला वाटलं नाही. पण मोबाइल मात्र त्याने खिशात ठेवला.

त्यानंतर रविवार विरळ होत गेले. भांडण झालं नाही, कोणी सोडून गेलं नाही. सुधीरच्या होमस्टेला शनिवार-रविवारीच गर्दी व्हायला लागली, भाभीच्या सुनेला बाळ झालं, बापूंचे गुडघे एस.टी.ची पायरी चढू देईनात. मी एकटी येऊन पंखा लावून बसायची आणि मग घरी जायची. एवढी मजा होती, ती अशी आवाज न करता कशी जाते, हे मला अजून कळलेलं नाही.

*

एकदा दिवाळीनंतर सुधीरचा फोन आला. आवाज जुन्या सुधीरचा!

"टीचर, बापूंची पोस्ट उघडा!"

उघडली. आमच्या मते केव्हाच निपचित पडलेल्या पोस्टवर टोकनं पडत होती. थोडी थोडी, पण रोज. सुधीरने मागचा इतिहास काढून पाहिला. गेल्या वर्षीही याच दिवसांत असंच झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. जत्रांचा हंगाम सुरू झाला की बापूंची राणी जागी व्हायची आणि शिमगा झाला की झोपायची!

कोडं भाभीने सोडवलं. तिच्या दुकानासमोर जत्रेच्या मंडपात एका कंपनीचा खेळ होता. दुपारी मुलं तोंडाला रंग लावत बसली होती आणि स्त्रीपार्टी करणारा एक तरुण मोबाइल मांडीवर ठेवून पुटपुटत होता, 'उंबऱ्या, तुला ओलांडून आत आले तेव्हा...' त्याचं नाव निलेश. बापूंना त्याने कधी पाहिलं नव्हतं. "हल्ली सगळ्या कंपनीत हीच राणी चलता," त्याने भाभीला सांगितलं. "आम्ही वाचतो त्याचे पैशे त्या आजोबांक जातत ना? म्हणून मत पण देतो."

मी बापूंना फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडतील. ते म्हणाले, "वाचतत ता बरा. पण बोलतत कसा, ता बघूक व्हया."

*

म्हणून आम्ही बापूंना गाडीत घालून आणलं. कणकवलीत हल्ली संध्याकाळचे खेळही होतात, तसाच हा होता, उजेड असतानाच सुरू झालेला. तिसऱ्या रांगेत बापू, शेजारी मी, पलीकडे भाभी. सुधीर उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता, साइटवर टाकायला. राणी निलेश. आणि राजा कोण, तर दाजी! बापूंच्या राणीसमोर आयुष्यभर ज्यांनी राजाचं काम केलं तेच दाजी, अजून कंपनीत टिकून होते, निलेशच्या राणीसमोर मात्र पहिल्यांदाच उभे.

निरोपाचा प्रसंग आला. निलेशने सुरुवात केली. आवाज गोड, नजर बरोबर, आणि शब्द अक्षरशः माझे, म्हणजे मी टाइप केलेले. मी ओठातल्या ओठात बरोबर म्हणत होते. जिथे मी स्वल्पविराम दिला होता, तिथे तो थांबत होता! लोक रडत होते. मी बापूंकडे पाहिलं. ते समोर बघत होते, चेहऱ्यावर काही नाही.

निरोप संपला. आता राणीने वळायचं आणि जायचं, पोस्टमध्ये एवढंच आहे. पण राजाला काय ठाऊक कोणी काय टाइप केलंय! दाजींनी आयुष्यभर बापूंना अडवलं होतं, तसंच सवयीने अडवलं.

"राणी, उंबऱ्याचा निरोप घेतलास, तुळशीचा घेतलास, दासींचा घेतलास. आमचा का नाही घेतलास?"

निलेश उभा. मोबाइल पडद्यामागे. पायपेटीवाल्याने सूर धरून ठेवला, थोडा वेळ, आणखी थोडा वेळ. मागे कोणीतरी हसलं. दाजींच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो, पण बोललेलं परत कसं घेणार! निलेशच्या मानेवरून घामाची धार रंग कापत खाली आली. सुधीरने मोबाइल खाली केला आणि शूटिंग बंद केलं. "पोराची फजिती कित्याक घेवची," मला हळूच म्हणाला.

आणि माझ्या शेजारून राणी बोलली.

बापू उठले नाहीत, गुडघे उठू देत नव्हते. लेंगा-शर्ट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या जागी ते बोलले. एकच वाक्य. आवाज असा, की पुढच्या दोन रांगा मागे वळल्याच नाहीत, त्यांना तो रंगमंचावरूनच आला असं वाटलं. दाजींनी ते ऐकलं आणि मुकुट काढून हातात घेतला. हे खेळात नव्हतं.

निलेशने बापूंकडे पाहिलं. मग त्याने पदर सावरला, राजाकडे वळला आणि पुढचं बोलायला लागला. पुढचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. अडखळत बोलला, एकदा चुकला, परत फिरला, पण थांबला नाही. बापूंनी माझा हात धरला होता, तो निलेशचं बोलणं संपेपर्यंत सोडला नाही.

बापूंना वालावलला सोडायला जाताना गाडीत आमचं भांडण, ते वाक्य नेमकं काय होतं? सुधीर म्हणाला, बापूंच्या वाक्यात खाडी होती. भाभी म्हणाली, खाडी नाही, चूल होती. मला फक्त शेवटचा शब्द 'उद्या' एवढा आठवत होता, तोही खात्रीने नाही. बापू पुढच्या सीटवर झोपले होते.

रविवारी मी स्वतः वालावलला गेले. लॅपटॉप उघडला, पोस्ट काढली, खाली जागा केली आणि म्हटलं, "बापू, त्या दिवशी राजाक काय उत्तर दिलात, ता सांगा. ह्येच्यात घालून ठेवतंय."

बापूंनी बशीतला चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली आणि माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

"माका कित्याक इचारतंस गो? थंय तू होतंस मां!"